शून्यानंतरचं घड्याळ

समजा एखाद्या प्रदेशाच्या आरोग्य खात्याचा वार्षिक तक्ता समोर आहे. हिवताप, स्थानिक रुग्ण: शून्य. बाहेरून आलेले रुग्ण: १९. मागच्या वर्षी हे बाहेरचे १२ होते. आढावा बैठकीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो, सात वाढले कसे? मग खुलासे मागवले जातात आणि कोणाच्या तरी नावाने पत्र निघतं.

ज्या प्रदेशात स्थानिक प्रसार थांबला आहे तिथे बाहेरून किती रुग्ण यावेत हे तिथल्या हिवताप विभागाच्या हातात नसतं. ते ठरतं दुसऱ्याच कुठल्या देशातल्या पावसावर, तिथल्या खाणीत नाहीतर रस्त्याच्या कामावर कोणाला मजुरी मिळाली यावर, विमानाच्या तिकिटावर. आणि १९ चे पुन्हा १२ झाले म्हणून खूश होण्यातही अर्थ नाही. रुग्ण कमी आले की कमी सापडले, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

विभागाच्या हातात असतो तो वेळ. ताप चढल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत किती दिवस गेले, हे बहुतेक तक्त्यांत नोंदलेलंच नसतं. आमचं म्हणणं एवढंच आहे की शून्यानंतरच्या पाळतीचं, म्हणजे रोगावर नजर ठेवण्याच्या कामाचं, मुख्य माप हेच असायला हवं. पैसा, माणसं आणि बैठकीतला वेळ यांची वाटणीही त्यावरूनच व्हावी.

'इतक्या थोड्या रुग्णांसाठी एवढा खटाटोप कशाला' असं वाटत असेल तर श्रीलंकेचं उदाहरण पाहावं. तिथे १९६३ साली वर्षभरात अवघे १७ रुग्ण नोंदले गेले, तेही बरेचसे बाहेरून आलेले. काम झालं असं समजून फवारणी आवरती घेतली गेली, पाळत सैल पडली. मग पाऊस फसला, नद्या आटून पात्रात डबकी राहिली, आणि अशाच डबक्यांत वाढणाऱ्या अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसिस डासाचं फावलं. रत्नांच्या खाणींसाठी जंगलात माणसांची ये-जा चालूच होती. १९६९ मध्ये रुग्ण पाच लाखांवर गेले. भारतातही साठच्या दशकाच्या मध्यावर लाखभरापर्यंत उतरलेला आकडा १९७६ मध्ये ६४ लाखांवर पोचला. ताजिकिस्तानात सोव्हिएत काळात हिवताप जवळजवळ संपला होता. यादवी युद्ध, कोलमडलेली आरोग्यसेवा आणि अफगाण सीमेवरून होणारी ये-जा यांमुळे १९९७ मध्ये तिथे तीस हजारांच्या घरात रुग्ण नोंदले गेले. १९७४ पासून हिवतापमुक्त असलेल्या ग्रीसमध्ये २०११ साली एव्ह्रोतास नदीच्या खोऱ्यातल्या शेतीच्या पट्ट्यात व्हायवॅक्स या हिवतापाच्या परजीवीचा स्थानिक प्रसार सुरू झाला आणि त्या वर्षी देशात स्थानिक लागण झालेले चाळीसच्या आसपास रुग्ण निघाले.

जागतिक आरोग्य संघटना हिवतापमुक्तीचा दाखला देते तो सलग तीन वर्षं एकही स्थानिक रुग्ण नसेल आणि रोग परत रुजू न देण्याची यंत्रणा उभी असेल तर. श्रीलंकेला हा दाखला २०१६ मध्ये मिळाला, चीनला २०२१ मध्ये, ताजिकिस्तानला २०२३ मध्ये. रोग पुन्हा रुजला असं मानायची अट मात्र बरीच सैल आहे. एकाच ठिकाणी, एकाच जातीच्या परजीवीचे, वर्षाला किमान तीन स्थानिक रुग्ण, आणि तेही सलग तीन वर्षं. दाखल्याला धक्का लागेपर्यंत थांबणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेणं.

आता दिवसांचा हिशोब. डासाच्या पोटात परजीवी तयार व्हायला ऊब लागते. जुना, पण अजून उपयोगी पडणारा ठोकताळा असा: व्हायवॅक्ससाठी दिवसाच्या सरासरी तापमानातून १४.५ अंश वजा करायचे आणि उरलेले अंश रोज जमवत जायचं. बेरीज १०५ झाली की डास चावून रोग देऊ शकतो. फाल्सिपेरम या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीसाठी १६ अंश वजा करायचे आणि बेरीज १११ व्हायला हवी. म्हणजे २५ अंश तापमानात व्हायवॅक्सला १० दिवस लागतात, फाल्सिपेरमला १२. वीस अंशांत हेच १९ आणि २८ दिवस होतात. सतरा अंशांत व्हायवॅक्सला ४२ दिवस लागतील, आणि इतके दिवस जगणारा डास विरळाच. पाळत कोणत्या महिन्यांत कडक ठेवायची आणि कोणत्या महिन्यांत माणसं दुसऱ्या कामाला लावायची, हे एक तापमापक आणि कागद-पेन्सिल घेऊन ठरवता येतं. सगळ्या प्रदेशात बारा महिने एकच वेळापत्रक चालवणं म्हणजे हा हिशोब कोणी केलाच नाही.

माणसाच्या बाजूने पाहिलं तर दोन परजीवींची चाल वेगळी आहे. फाल्सिपेरमच्या रुग्णात डासाला लागण करणारी अवस्था, म्हणजे गॅमेटोसाइट, रक्तात परजीवी दिसू लागल्यावर साधारण दहाएक दिवसांनी येते. ताप आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निदान झालं तर तो रुग्ण डासांच्या दृष्टीने बहुधा निरुपयोगी असतो, त्याच्यापासून पुढे लागण होण्याची शक्यता फार कमी असते. व्हायवॅक्समध्ये ही सवलत नाही. तिथे गॅमेटोसाइट तापाबरोबरच हजर असतात, निदानाला जितक्या रात्री उशीर तितक्या रात्री डासांना मेजवानी. म्हणून फाल्सिपेरम रुग्णाच्या जिवाला जास्त घातक, पण प्रदेशाच्या शून्याला जास्त धोका व्हायवॅक्सचा. या दोघांना एकाच 'आयात रुग्ण' रकान्यात टाकलं की हा फरक दिसेनासा होतो.

चीनने वापरलेली १-३-७ पद्धत आता अनेक देशांत आदर्श मानली जाते. निदानानंतर एका दिवसात कळवायचं, तीन दिवसांत रुग्णाची चौकशी पूर्ण करायची, सात दिवसांत त्या ठिकाणाची पाहणी आणि उपाययोजना करायची. पद्धत चांगलीच आहे. शिस्त लावते, जबाबदारी ठरवते. खोट एकच, हे घड्याळ निदान झाल्यावर सुरू होतं. रुग्ण आठ दिवस तापाने फणफणत तीन दवाखाने फिरला आणि नवव्या दिवशी कोणाला तरी हिवतापाची शंका आली, तरी १-३-७ च्या तक्त्यात तो प्रदेश शंभर टक्के गुण घेऊन पास होतो. खरी गळती घड्याळ सुरू होण्याआधीच झालेली असते.

'मग सीमेवरच अडवा' ही सूचना दर वर्षी येते. विमानतळावर तापमान मोजणारे कॅमेरे लावा, उतरणाऱ्या प्रत्येकाचं बोट टोचा. ऐकायला बरं वाटतं. पण डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात जातो आणि आठवडाभर तिथेच वाढतो. या काळात रक्तात काही नसतं, ताप नसतो, झटपट चाचणी निगेटिव्ह येते, सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, पीसीआरमध्येही नाही. शेवटच्या रात्री डास चावलेला माणूस आठ-दहा तासांच्या प्रवासानंतर कॅमेऱ्यासमोरून ठणठणीत चालत जातो. फाल्सिपेरमचा ताप सहसा परतल्यानंतर महिन्याभरात उमटतो, कधी दोन-तीन महिन्यांनीही. व्हायवॅक्स तर यकृतात झोपून राहतो आणि काही महिन्यांनी, समशीतोष्ण भागातले प्रकार आठ-बारा महिन्यांनीसुद्धा, जागे होतात. झोपलेला परजीवी दाखवणारी चाचणी नेहमीच्या वापरात आजही नाही.

सरसकट सीमातपासणीला आमचा विरोध आहे तो यासाठी. ठरावीक गटांच्या तपासणीला नाही. शांतिसेनेतून परतलेली तुकडी, एकाच खाणीवरून एकत्र आलेले कामगार, हिवतापाच्या भागातून आलेले निर्वासित यांची यादी हातात असते, पत्ता माहीत असतो, पुन्हा भेटता येतं. चीनच्या ग्वांगशी प्रांतातल्या शांगलिनमध्ये २०१३ साली घानाच्या सोन्याच्या खाणींतून परतलेल्यांमध्ये शेकडो रुग्ण सापडले. अशा वेळी गट म्हणूनच तपासायला हवं. फक्त पहिल्या तपासणीत निगेटिव्ह आलेल्याला मोकळं सोडू नये. त्याच्या हातात एक कार्ड द्यावं: 'मी हिवतापाच्या भागातून अमुक तारखेला आलो आहे. मला वर्षभरात ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा.' खाली दूरध्वनी क्रमांक. या कार्डाचा खर्च कॅमेऱ्याच्या वायरीइतकाही नाही.

म्हणजे सगळा भार येतो तापाच्या रुग्णाला पहिल्यांदा बघणाऱ्या डॉक्टरवर, आणि तो बहुधा खाजगी असतो. त्याने कदाचित कारकिर्दीत हिवतापाचा एकही रुग्ण पाहिलेला नाही. त्याच्यासमोर ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी असलेला माणूस बसला की त्याच्या डोक्यात डेंग्यू येणार, फ्लू येणार. यात त्याचा दोष शोधण्यापेक्षा त्याला एक प्रश्न द्यावा. पण तोही नीट निवडावा लागतो. 'परदेशात जाऊन आलात का?' हा नेहमीचा प्रश्न फसतो. कामासाठी बाहेरून इथे आलेला माणूस प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, कारण तो कुठे गेलेला नाही, तो आलेला आहे. दर वर्षी गावाकडे आईवडिलांना भेटायला जाणाऱ्यालाही तो प्रवास वाटत नाही, ते त्याचं घर असतं. शिवाय लहानपणी तिथे वाढल्यामुळे आपल्याला हिवताप बाधत नाही असा त्याचा समज असतो. ही प्रतिकारशक्ती काही वर्षं दूर राहिल्यावर ओसरते हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. प्रतिबंधक गोळ्याही नेमका हाच गट घेत नाही.

'गेल्या वर्षभरात रात्री कुठे कुठे झोपलात?' असं विचारावं. अ‍ॅनोफिलीस हा हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, त्यामुळे रात्रीचा मुक्काम हीच कामाची माहिती. या प्रश्नात कागदपत्रांचा वास नाही, आणि वर म्हटलेले दोघेही त्यात सापडतात. व्हायवॅक्सची शंका असेल तर तीन वर्षं मागे जावं. रक्तपेढीतही दात्याला हाच प्रश्न हवा, कारण हिवतापाचा आणखी एक परजीवी, प्लाझमोडियम मलेरिए, रक्तात अनेक वर्षं गुपचूप राहू शकतो.

डॉक्टर विसरेल हे गृहीत धरून प्रयोगशाळेत दुसरी जाळी लावता येते. तापाच्या रुग्णाच्या प्लेटलेट दीड लाखांखाली असतील आणि अर्जावर हिवतापाच्या भागातल्या मुक्कामाची नोंद असेल, तर डॉक्टरने न सांगताही त्याच नमुन्यावर हिवतापाची तपासणी करायची, असा नियम लावावा. २०२३ मध्ये अमेरिकेत वीस वर्षांनी पहिल्यांदा स्थानिक लागण झालेले रुग्ण सापडले, त्यातले सात फ्लोरिडाच्या सारासोटा काउंटीतले. त्यांच्याकडे सांगण्यासारखा प्रवास नव्हताच. असे रुग्ण प्रश्न कितीही चांगला असला तरी निसटतात, आणि मुक्कामाची नोंद नसल्याने या दुसऱ्या जाळीतूनही. म्हणून कारण न सापडलेल्या तापात, प्रवास नसला तरी, एक रक्तकाच बघितली जावी.

प्रयोगशाळेची गोष्ट जरा सविस्तर बोलावी लागेल, कारण शून्यानंतर सगळ्यात आधी गंजतं ते तिथलं कौशल्य. वर्षात दोनच पॉझिटिव्ह काचा बघणाऱ्या तंत्रज्ञाची नजर तयार कशी राहील? रक्ताच्या जाड थेंबाची काच तेल लावून सूक्ष्मदर्शकाखाली शंभर क्षेत्रं तपासल्याशिवाय निगेटिव्ह म्हणायची नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण शंभर क्षेत्रांत मिळून फार तर पाव मायक्रोलिटर रक्त नजरेखालून जातं. अठराव्या क्षेत्रावर कंटाळून थांबलेला तंत्रज्ञ त्याचाही पाचवा हिस्सा बघतो. प्रवासी रुग्णात प्रतिकारशक्ती नसल्याने परजीवींची संख्या कमी असतानाच तो आजारी पडतो, त्यामुळे नेमका तोच निसटतो. एक काच निगेटिव्ह आली म्हणून फाइल मिटवू नये. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने आणखी दोन घ्याव्यात.

बाकीच्या चुका घरगुती म्हणाव्यात अशा. पातळ थर मिथेनॉलमध्ये बुडवताना जाड थेंबालाही मिथेनॉल लागतं, मग त्यातल्या तांबड्या पेशी फुटत नाहीत आणि आतलं काही दिसत नाही. काच रंगवायचं गिम्साचं द्रावण सकाळी करून संध्याकाळपर्यंत वापरलं जातं, त्यात गाळ बसतो आणि तो गाळच परजीवी म्हणून मोजला जातो. त्या द्रावणातल्या बफरचा सामू (पीएच) ७.२ हवा. तो घसरला की व्हायवॅक्सच्या पेशीतले शुफ्नरचे ठिपके उमटत नाहीत, आणि दोन जातींतली गल्लत इथेच होते. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत ते रात्रभर पडून राहिलं तर परजीवीचा आकारच बिघडतो. म्हणून रक्त काढल्यावर तासाभरात काच करावी.

झटपट चाचणी रात्रीबेरात्री उपयोगी पडते, पण तिच्या मर्यादा माहीत हव्यात. मायक्रोलिटरमागे शंभर-दोनशेपेक्षा कमी परजीवी असले तर ती चुकू शकते. ती शोधते ते फाल्सिपेरमचं एचआरपी-२ प्रथिन बरं झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे जुन्या आजाराची रेघ नव्या तापाच्या माथी मारली जाते. उलट पेरू, इरिट्रिया, इथिओपिया अशा भागांत हे प्रथिन बनवणारं जनुकच गमावलेले परजीवी आढळले आहेत. तिथून आलेल्या रुग्णात फाल्सिपेरम असूनही ती रेघ उमटत नाही. चाचणी आणि काच दोन्ही, हाच इथला नियम हवा.

उपाय महागडा नाही. पॉझिटिव्ह काचांची एक पेढी ठेवायची, त्यातल्या दर महिन्याला काही काचा निनावी पाठवायच्या, आणि उत्तर जुळलं नाही तर शिक्षा न करता शेजारी बसून पुन्हा दाखवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत सर्वोच्च श्रेणीच्या तंत्रज्ञाला परजीवी आहे की नाही हे ओळखण्यात आणि जात ओळखण्यात ९० टक्के अचूकता लागते. सगळ्यांनी ती गाठायची गरज नाही. प्रदेशात दोन-चार माणसं त्या श्रेणीची असावीत आणि बाकीच्यांनी काचेचा फोटो तासाभरात त्यांच्याकडे पाठवावा, एवढं पुरे. इथेच दर वर्षी लोकसंख्येच्या दहा टक्के रक्तनमुने गोळा करण्याचं जुनं उद्दिष्टही बाजूला ठेवायला हवं. रोग पसरलेला असताना ते ठीक होतं. शून्यानंतर उद्दिष्ट पूर्ण करायला धडधाकट माणसांची बोटं टोचली जातात, आणि त्या काचांच्या ढिगात तंत्रज्ञाची नजर थकते.

औषधांचंही असंच. वर्षात चार रुग्ण येतात म्हणून साठा ठेवला जात नाही, ठेवला तर मुदत संपते. गंभीर फाल्सिपेरममध्ये शिरेतून आर्टेसुनेट हे औषध दर किलोला २.४ मिलिग्रॅम, पहिल्या क्षणी, बारा तासांनी, चोवीस तासांनी आणि मग रोज. साठ किलोच्या माणसाला एका वेळी १४४ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या तीन कुप्या फोडाव्या लागतात. पहिल्या चोवीस तासांतच नऊ. दोन कुप्या कपाटात ठेवून 'साठा उपलब्ध' लिहिणाऱ्या रुग्णालयात पहिला डोसही पुरा होत नाही. कोणत्याही रुग्णालयापासून चार तासांच्या आत पोचेल अशा मोजक्या ठिकाणी प्रत्येकी पंधरा-वीस कुप्या ठेवाव्यात. मुदत संपत आली की त्या जास्त खप असलेल्या ठिकाणी फिरवाव्यात. उरलेल्या फेकाव्या लागल्या तर लागल्या. अग्निशमन यंत्र वर्षभर वापरलं नाही म्हणून कोणी हिशोब मागत नाही. आणि आर्टेसुनेट घेऊन घरी गेलेल्याचं हिमोग्लोबिन महिनाभर दर आठवड्याला बघायला विसरू नये. एक ते तीन आठवड्यांनी तांबड्या पेशी अचानक फुटल्याची उदाहरणं आहेत.

प्रसाराच्या दृष्टीने मात्र खरी कळीची गोळी प्रायमाक्विनची. फाल्सिपेरमचं नेहमीचं औषध पक्व गॅमेटोसाइट मारत नाही, म्हणून सोबत प्रायमाक्विनचा एकच हलका डोस, दर किलोला ०.२५ मिलिग्रॅम. व्हायवॅक्सच्या समूळ, म्हणजे यकृतात झोपलेला परजीवीही मारणाऱ्या, उपचारात हीच गोळी रोज, दर किलोला ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम, साधारणपणे चौदा दिवस. त्याआधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची तपासणी, नाहीतर काहींच्या तांबड्या पेशी धोकादायक प्रमाणात फुटतात. अडचण अशी की ताप तिसऱ्या दिवशी उतरतो. बरं वाटणारा माणूस, त्यातही रोजंदारीवरचा, उरलेले अकरा दिवस गोळ्या घेत नाही. मग तोच रुग्ण पुढच्या हंगामात, कदाचित दुसऱ्याच गावात, पुन्हा तापतो. पाचव्या, नवव्या आणि चौदाव्या दिवशी एक फोन, एवढ्याने यातले बरेच वाचतात.

आता रुग्णाच्या घराभोवतीची शोधमोहीम. सातव्या दिवशी पथक जातं, आजूबाजूच्या पन्नास घरांत रक्त घेतं, सगळं निगेटिव्ह, अहवाल पूर्ण. वरचा हिशोब इथे लावून बघा. तापाच्या पहिल्या रात्री डास चावला असं धरलं तरी २५ अंशांत डासाला दहा दिवस, मग नव्या माणसाला ताप यायला किमान बारा. म्हणजे बाविसाव्या दिवसाआधी या रुग्णापासून लागण झालेला शेजारी सापडणं शक्यच नाही. डास पुढे दोन आठवडे जगला तर ही शक्यता सातव्या आठवड्यापर्यंत राहते. सातव्या दिवशी सापडू शकतात ते त्याच्यासोबत प्रवास केलेले लोक. म्हणून पहिल्या भेटीत शेजाऱ्यांपेक्षा सहप्रवाशांची यादी महत्त्वाची, ते शंभर किलोमीटरवर राहत असले तरी. शेजाऱ्यांसाठी दुसरी फेरी चौथ्या आठवड्यात आणि तिसरी सातव्या आठवड्यात, तीही फक्त डासांचा हंगाम असेल आणि जवळपास अ‍ॅनोफिलीस असेल तर. थंडीत, दहाव्या मजल्यावर राहणाऱ्या रुग्णासाठी पन्नास घरं टोचणं हा फक्त देखावा.

धुराच्या गाडीबद्दलही तेच. रुग्ण सापडला की संध्याकाळी गल्लीतून धूर सोडला जातो, लोकांना काम झाल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा एक माणूस विजेरी आणि पळी घेऊन एक-दोन किलोमीटरमधलं साचलेलं पाणी बघून आला, अळ्या अ‍ॅनोफिलीसच्या आहेत की नाहीत हे ठरवलं, तर पुढचा निर्णय घेता येतो. अ‍ॅनोफिलीसच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहतात, बाकीच्या डोकं खाली करून लटकतात. हे शिकायला दहा मिनिटं लागतात. कीटकतज्ज्ञाचं पद मात्र रद्द होऊ देऊ नये. २०१२ मध्ये जिबूतीत शहरी टाक्यांत वाढणारा अ‍ॅनोफिलीस स्टेफेन्सी आढळला. त्या वर्षी तिथे २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर. हाच डास काही वर्षांनी श्रीलंकेच्या मन्नार भागातही सापडला, आणि सापडला तो कोणीतरी अजून अळ्या बघत होतं म्हणून.

रुग्णाचं वर्गीकरण हा नाजूक विषय. बाहेरून लागण झालेला, त्याच्यापासून इथे लागण झालेला पहिला, स्थानिक साखळीतला, रक्तातून लागण झालेला, जुना उलटलेला, अशी ही खाती. दाखल्याची प्रतिष्ठा मोठी असल्याने प्रत्येक संशयित रुग्णाला 'बाहेरचा' ठरवण्याचा मोह होतो. चौदा महिन्यांपूर्वी प्रवास केलेल्या माणसाला फाल्सिपेरम निघाला तर तो प्रवास पुरावा म्हणून लावणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. व्हायवॅक्समध्ये तेच शक्य आहे, पण मग त्या भागातले बाकीचे ताप तपासल्याचा कागद सोबत हवा. नियम उलटा असावा: बाहेरचा असल्याचं सिद्ध होईपर्यंत स्थानिक. आणि तो ठरवणारी समिती ज्या खात्याच्या कामाचं मूल्यमापन होतं त्या खात्याची नसावी. श्रीलंकेने २०१८ मध्ये बाहेरून आलेल्या एका कामगारापासून झालेली स्थानिक लागण शोधली आणि तशीच जाहीर केली. दाखला शाबूत राहिला.

हे सगळं कोसळतं ते बाहेरून आलेला माणूस दवाखान्यात येईनासा झाला की. वर्तमानपत्रात 'परप्रांतीयांमुळे हिवताप' असा मथळा आला, मालकाने तापलेल्या मजुराला कामावरून काढलं, दवाखान्यात ओळखपत्र मागितलं, की पुढचा तापलेला माणूस खोलीतच गोळ्या खाऊन पडून राहतो, आणि व्हायवॅक्सच्या प्रत्येक रात्रीचा हिशोब वाढत जातो. तपासणी आणि उपचार फुकट, कागद न मागता, नाव न छापता, यात दयाबुद्धीचा भाग असला तर असो. आम्ही तो डासांच्या हिशोबातला एक आकडा म्हणून मांडतो आहोत.

तर त्या तक्त्यात पाच रकाने वाढवा: प्रदेशात आल्याची तारीख, ताप सुरू झाल्याची, पहिल्या दवाखान्याची, रक्त तपासल्याची, औषध सुरू झाल्याची. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेत अंतर असेल तर माणूस घाबरतो आहे किंवा त्याला माहीत नाही. तिसऱ्या आणि चौथ्यात असेल तर डॉक्टरने विचारलं नाही. चौथ्या आणि पाचव्यात असेल तर काच नाहीतर कुपी कुठेतरी अडकली. त्या १९ जणांपैकी एकाचा ताप सोमवारी सुरू झाला, मंगळवारी तो दवाखान्यात गेला आणि रक्त तपासलं गेलं रविवारी, असं दिसलं तर बैठकीत विचारण्यासारखा प्रश्न तयारच आहे: त्या पाच दिवसांत तो किती दवाखाने फिरला, आणि तिथे त्याला कोणी काय विचारलं?